म्यानातून काढलेली फ्लॉपी

टकटक थांबली की वनजाचं काम थांबे.

गेलं वर्षभर तिचा दिवस त्या आवाजावर चालत होता. आतल्या खोलीत रक्षितची बोटं कीबोर्डवर पडत असली, की ती निर्धास्तपणे भाजी चिरायची, शिकवणीच्या मुलांची गणितं तपासायची, दारातल्या फुलवालीशी शेवंतीच्या भावावरून घासाघीस करायची. आवाज बंद पडला की हातातलं काम तसंच टाकून पॅसेजमध्ये येऊन उभी राहायची. दारावर थाप मारायची नाही, असा तिनं स्वतःलाच दंडक घालून घेतला होता. नुसतं उभं राहायचं. मग आतून खुर्ची करकरे, नाहीतर खोकल्याचा आवाज येई, आणि ती पुन्हा ओट्यापाशी जाई.

दसरा झाल्यापासून आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

दाराशी ठेवलेलं ताट अर्धंमुर्धं खाऊन परत येत होतं. घर निजलं की कधीतरी नळ वाजे. तेवढ्यावर ती तग धरून होती. काल तिचे यजमान जगन्नाथराव स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराच्या बिजागऱ्या खोलायला बसले. एखादा स्क्रू निघाला असेल नसेल, तोच आतून रक्षित बोलला. आवाज अगदी शांत होता.

“अप्पा, दार काढू नका. मी काही करणार नाही.”

जगन्नाथरावांनी निघालेला स्क्रू परत बसवला आणि ते हॉलमध्ये जाऊन बसले. पोराच्या शब्दानं त्यांना धीर आला असावा. वनजाला मात्र त्याच शब्दांची भीती वाटली. मी काही करणार नाही, असं का म्हणाला हा? कुणी विचारलं होतं? एवढ्या शांतपणे माणूस कधी बोलतो? रात्रभर ती तेच एक वाक्य उलटंपालटं करत राहिली. सकाळी उठून तिनं गच्चीच्या जिन्याला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

रक्षित याच घरात, म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये लहानाचा मोठा झाला. एकुलता एक. जेवायच्या नावानं बोंब. घास तोंडात धरून अर्धा अर्धा तास बसायचा. शेजारणी टीव्ही लावून मुलांना भरवत. वनजानं वेगळीच युक्ती काढली होती. ताट घेऊन ती त्याच्यासमोर बसायची आणि म्हणायची, “तू डोंगराच्या पायथ्याशी उभा आहेस. काय करतोस?” मग पोरगं डोळे मोठे करून म्हणायचं, “वर जा!” की एक घास. “दिवा घे!” की दुसरा घास. असा तो रोज संध्याकाळी बेट्टदपुरचा डोंगर चढायचा, आणि माथ्यावरच्या देवळाचं दार उघडेपर्यंत ताट रिकामं व्हायचं.

ही गोष्ट वनजानं रचलेली नव्हती. तो तिच्या शाळेतला खेळ होता.

ती नववीत असताना सरकारनं त्यांच्या शाळेला विलायती कॉम्प्युटर दिले. मुख्याध्यापकांनी त्यांना हार घातले आणि खोलीला कुलूप लावून टाकलं. गणिताच्या वरलक्ष्मी मिसनी मात्र ती किल्ली मागून घेतली, बरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचून काढलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात एक खेळ लिहिला. त्यात चित्र नाही, गाणं नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची: तू अमुक ठिकाणी उभा आहेस, समोर तमुक आहे. आपण दोन शब्द टंकायचे, वर जा, दिवा घे, आणि पुढं काय घडलं ते यंत्र सांगायचं. त्याला समजलं नाही तर ते लिहायचं, “कळलं नाही. परत सांग.” अक्षरं इंग्रजीच होती, पण भाषा मिसच्या घरातली, म्हणजे वनजाच्याही घरातली. पिढ्यानपिढ्या म्हैसुरात राहून निम्मी कानडी झालेली मराठी. शाळेत ती बोलायची चोरी, पुस्तकात ती कुठं सापडायची नाही. आणि ते परदेशी यंत्र तिच्याशी त्या भाषेत बोलत होतं! शनिवारची अर्धी शाळा सुटली की वनजा त्या खोलीत धावत सुटायची.

रक्षितनं पुढं त्याच वाटेनं जावं, यात नवल नव्हतं. कॉम्प्युटरची पदवी घेतली, शहराबाहेरच्या एका मोठ्या कंपनीत चिकटला. सकाळी कंपनीच्या बसनं जायचा, रात्री थकून यायचा, रविवारी आईच्या हातचा दोसा खाऊन दुपारभर झोपायचा. एका सकाळी कंपनीनं त्याला आणि त्याच्यासारख्या कित्येकांना एकदम व्हिडिओ कॉलवर बोलावलं, आणि चहा निवायच्या आत नारळ दिला.

पहिले काही महिने तो धडपडला. अर्ज केले, मुलाखती दिल्या. मग उत्तरं यायची थांबली, पुढं त्यानं अर्ज करायचंही थांबवलं. मित्रांचे फोन घेईना. दाढी वाढली. लग्नाला जाईना, देवळात येईना. जगन्नाथराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. वेळेवर उठणं आणि वेळेवर कामावर जाणं यातच त्यांचं सगळं शास्त्र. ते पेपर वाचता वाचता मोठ्यानं म्हणायचे, “आमच्यात खापरपणजोबांपासून कुणी दिवसाढवळ्या अंथरुणात सापडला नाही.” मग आतली कडी वाजायची.

अशात एक दिवस तो आपणहून स्वयंपाकघरात आला. भिंतीला टेकून उभा राहिला.

“अम्मा, तुझ्या त्या मिस अजून आहेत का?”

कित्येक महिन्यांत त्यानं तिला विचारलेला तो पहिला प्रश्न. वनजाच्या हातातली पळी कढईतच राहिली.

जगात असे जुने शब्दांचे खेळ हुडकून पुन्हा चालू करणारी माणसं आहेत, असं त्यानं तिला सांगितलं. जुनं यंत्र मेलं तरी चालतं. आजच्या लॅपटॉपला त्या यंत्राचं सोंग घ्यायला शिकवायचं, म्हणजे जुना खेळ फसतो, आपण आपल्याच घरी आहोत असं समजून चालू होतो. इंग्रजीतले शेकडो खेळ लोकांनी असे उठवलेत. “आपल्या भाषेतला एकही नाही,” तो म्हणाला. “मी शोधलं. एकही नाही, अम्मा.”

दोघं स्कूटरवरून बोगादीला गेले. वरलक्ष्मी मिस तिथं भाचीकडे, सुप्रीताकडे राहत होत्या. डोळ्यांत पडदा आलेला, हात थरथरता, पण जीभ तीच.

“कोण गं? वनजा? अय्यो, तीच ना तू, देवळाच्या दारापाशी अडकलेली?”

“तीच, मिस.”

“अजून अडकलीयेसच?”

“तुम्ही उत्तर सांगितलंत कुठं?”

“सुम्मने, उगाच सांगून टाकलेलं काय कामाचं? स्वतः शोधायचं असतं की.” मग त्यांनी मान रक्षितकडे वळवली. “हा मुलगा तुझा? काय रे, दाढी का वाढवलीयस? संन्यास घेतोस?”

रक्षित हसला. वनजानं मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं, कारण तिचे डोळे भरून आले होते.

त्यांच्या ट्रंकेत रेशमी साडीच्या घडीत तो खेळ साठवलेली फ्लॉपी निघाली. हातभर रुंद नव्हे, पण तळहाताहून चांगली मोठी, काळी, चौकोनी, पातळ. वर पांढरं कागदी पाकीट. त्यावर पेन्सिलीनंसुद्धा काही लिहिलेलं नाही. शाळेनं ते कॉम्प्युटर भंगारात काढले तेव्हा मिसनी तेवढी एकच उचलून आणली होती. दुसरी प्रत जगात कुठं नव्हती.

“मला वाचता येणार नाही आता,” मिस म्हणाल्या. “पण कुणी वाचून दाखवलं तर ऐकेन. स्वल्प लवकर कर हं, राजा. मी काही इथं कायमची राहायला आलेले नाही.”

निघताना सुप्रीतानं वनजाला फाटकापाशी गाठलं. “हल्ली दुपारी जेवल्या की नाही तेही विसरतात,” ती हळूच म्हणाली. “आज तुम्हाला ओळखलं, म्हणून मलाच आश्चर्य वाटलं.”

त्या दिवसापासून रक्षित माणसांत येऊ लागला. दाढी केली. टकटक दिवसभर चालू झाली. वनजाला तो आवाज वेगळा ऐकू येऊ लागला, नुसत्या रिपरिपणाऱ्या पावसासारखा नव्हे, तर शेजारी कुणीतरी घर बांधतंय तसा. तो जेवताना बोलायचा. त्या फ्लॉपीत कॅसेटच्या फितीसारखीच तपकिरी चकती असते, तिच्यावर गोल गोल ओळींत सगळं साठवलेलं असतं. ती वाचायला तसाच जुना खोका हवा, तो कुठल्या तरी परगावच्या माणसाकडून मागवलाय, आणि तोवर फ्लॉपीला हातही लावायचा नाही, कारण इतकी जुनी चकती एकदाच नीट वाचून देईल, पुन्हा देईल याचा भरवसा नाही. हे सारं तो जगन्नाथरावांसमोर सांगायचा. ते पेपरमागून ऐकत असायचे.

नवरात्रात जगन्नाथरावांच्या बहीण भवानीबाई बाहुल्यांची आरास बघायला आल्या. त्यांच्या तोंडाला कधी कडी नव्हती.

“काय रे रक्षित, अजून गेमच खेळतोस का?”

“खेळत नाही आत्या. दुरुस्त करतोय.”

“आणि दुरुस्त झाल्यावर खेळणार कोण?”

“अम्मा. आणि एक म्हाताऱ्या मिस.”

“बरं की! दोन गिऱ्हाइकं. दुकान जोरात चालणार म्हणायचं!”

सगळ्यांना वाटलं, आता जगन्नाथराव री ओढणार. पण ते म्हणाले, “भवानी, तुला प्रसादाचं सुंडल आणखी हवंय का? मग तोंड त्याच्यासाठी मोकळं ठेव.”

वनजानं नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी लगेच पेपर वर केला.

तो जुना खोका खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी कुरिअरनं आला. रक्षितनं रात्री बसून तो उघडला, पुसला, तेल दिलं, लॅपटॉपला जोडला. सकाळी उठून तो वाचायला बसणार, तेवढ्यात जगन्नाथराव त्याच्या दारात उभे राहिले. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध.

या घराण्यात खंडेनवमी दिवाळीपेक्षा मोठी. जगन्नाथरावांचे पणजोबा फत्तेसिंगराव हे म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, त्यांची तलवार वर्षभर ट्रंकेत आणि त्या एका दिवशी पाटावर. तिच्या शेजारी मग ज्याचं त्याचं हत्यार: स्कूटर दारात, वनजाची विळी आणि गणिताची पुस्तकं, जगन्नाथरावांचं पेन. गेल्या वर्षी रक्षितचं काहीच पाटावर नव्हतं. त्या रिकाम्या जागेकडे कुणी बघितलं नव्हतं, आणि सगळ्यांना ती दिसली होती.

“तुझं हत्यार कुठाय?” जगन्नाथरावांनी विचारलं.

रक्षितनं लॅपटॉपकडे बघितलं.

“आण की. सगळं आण. पण आज चालवायचं नाही हं. आज हत्याराला विश्रांती. उद्या विजयादशमीला उचल.”

त्याला एक दिवस थांबणं किती जड होतं, ते वनजाला त्याच्या बोटांवरून दिसलं. वर्षभर त्यानं बापाचा एक शब्द ऐकला नव्हता. तो उठला. लॅपटॉप आणला, तो खोका आणला, आणि खोक्यावर पाकिटासकट फ्लॉपी ठेवली. मग फुलं आणायला बाहेर गेला.

पूजा जगन्नाथरावांनी मांडली. तलवार म्यानातून काढली, कारण म्यानातलं हत्यार पुजायचं नाही, झाकल्या पात्याला केलेला नमस्कार पोचत नाही, असं त्यांचे वडील सांगत आणि त्यांचे वडील सांगत. एकेका वस्तूला गंध, कुंकू, अक्षता लावत ते फ्लॉपीपाशी आले. ती पाकिटात होती. त्यांनी ती पाकिटातून बाहेर काढली. काळ्या चौकोनाच्या एका कडेला एक लांबट फट होती आणि फटीत तपकिरी काहीतरी चकाकत होतं. हेच पातं, असं त्यांना वाटलं. ओल्या गंधाचं बोट त्यांनी नेमकं तिथंच टेकलं, वर कुंकू लावलं, अक्षता चिकटवल्या, आणि शेवंतीचं फूल ठेवलं. मग पाकीट बाजूला सारून ती फ्लॉपी खोक्यावरून उचलली आणि फत्तेसिंगरावांच्या तलवारीला लागून ठेवली.

वनजा नैवेद्याचं ताट घेऊन आली तेव्हा धूप दाटला होता. तिला फूल दिसलं, फुलाखालचं दिसलं नाही. रक्षितनं आणलेली फुलं वाहून झाल्यावर तर सगळा पाटच झाकून गेला.

“बघ,” जगन्नाथराव हलक्या आवाजात म्हणाले, “पोराचं पहिल्या जागेवर ठेवलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्षितनं अंघोळ करून, पाटाला नमस्कार करून फूल उचललं.

“पाकिटातून कुणी काढली?”

“मीच,” जगन्नाथराव कौतुकानं म्हणाले. “म्यानातून काढल्याशिवाय पूजा कशी—”

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. रक्षितचा चेहरा बघून त्यांना काहीतरी उमगलं, आणि त्यांनी पुढं होऊन धोतराच्या सोग्यानं ते कुंकू पुसायला सुरुवात केली. “अप्पा, नको! हात लावू नका!” वाळलेलं कुंकू त्या फटीत आणखी आत गेलं.

रक्षितनं फ्लॉपी खोलीत नेली. जुने खेळ उठवणारी, त्याच्या ओळखीची ती दूरदूरची माणसं त्याला लॅपटॉपवर लिहीत होती: थांब, फिरवू नकोस, आधी चकती बाहेर काढून धुवायची असते, आम्ही सांगतो कशी. वनजा त्याच्या मागं उभी राहून ती इंग्रजी वाक्यं वाचत होती. पण पोरानं एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र थांबून काढली होती. त्याच्यातलं थांबणं संपलं होतं. त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं वरवर पुसलं आणि फ्लॉपी खोक्यात सरकवली.

पडद्यावर अक्षरं आली. “तू डोंगराच्या पाय...”

आणि खोक्यातून पाटीवर नखं ओढल्यासारखा आवाज आला. रक्षितनं वायर उपटली तोवर व्हायचं ते झालं होतं. कुंकवाचे कण वाचणाऱ्या सुईखाली अडकले होते आणि चकती फिरता फिरता त्यांनी तिच्यावरचा तपकिरी थर खरवडून काढला होता. फटीतून बघितलं तर आरपार उजेड दिसत होता.

“दुसरी कुठं मिळेल?” दारातून जगन्नाथरावांनी विचारलं. “गाव सांग. मी आत्ता निघतो.”

“दुसरी नाही, अप्पा.”

तो ओरडला असता, आदळआपट केली असती, तर वनजाला बरं वाटलं असतं. त्यानं दार हळूच लोटलं आणि कडी घातली. सगळं गाव जंबूसवारीची, हत्तीची मिरवणूक बघायला लोटलं होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि त्या शांततेत ती कडी फार मोठ्यानं वाजली.

तेव्हापासून ही अशी अवस्था. सुप्रीताचे फोन येत होते. आत रक्षितचा फोन वाजवाजून थांबायचा. मग वनजाचा वाजायचा. पहिल्यांदा तिनं उचलायला हात पुढं केला, तर आतून शब्द आले, “मिसना सांगू नको, अम्मा.” दसऱ्यानंतरचं त्याचं तिच्याशी झालेलं तेवढंच बोलणं. तिनं फोन वाजू दिला. मग प्रत्येक वेळी वाजू दिला. जिनं आपल्या थरथरत्या हातांनी एकुलती एक वस्तू दिली त्या बाईला काय तोंड दाखवायचं, हे आत त्याला खात होतं आणि बाहेर तिला.

आज दुपारी तिनं ताट नेलं. सकाळचं ताट तसंच होतं, झाकणसुद्धा हललं नव्हतं.

तिनं विनवून बघितलं. शपथ घालून बघितली. डॉक्टरांकडे जाऊ या म्हणाली, मी पण येते, दोघं बोलू. रागावून बघितलं. आतून श्वाससुद्धा ऐकू येईना. शेवटी ती दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. ताट मांडीवर. समोर भिंतीवर त्याच्या लहानपणी पेन्सिलीनं केलेल्या उंचीच्या खुणा.

“तू डोंगराच्या पायथ्याशी उभा आहेस,” ती म्हणाली.

तिच्या तोंडून ते कसं निघालं, तिचं तिला कळलं नाही.

“ऊन उतरतंय. समोर पायऱ्या आहेत. बाजूला एक म्हातारी चुरमुरे विकत बसलीय. काय करतोस?”

काही नाही. हॉलमधला पंखा फिरत होता. तिनं वाट बघितली. मग त्या यंत्रासारखंच, सपाट आवाजात म्हणाली, “कळलं नाही. परत सांग.”

पंखा फिरतच होता. 

“कळलं नाही,” ती पुन्हा म्हणाली. “परत सांग.”

दाराच्या पलीकडे, अगदी खाली, तिच्या पाठीच्या उंचीवर काहीतरी घासलं गेलं. तोही जमिनीवर बसला होता. किती वेळ बसला होता कोण जाणे.

“चुरमुरे घे,” रक्षित म्हणाला. आवाज धान्याच्या कोरड्या पोत्यातून यावा तसा.

वनजानं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. “घेतले. म्हातारी म्हणते, आज वर दिवा न्यायला कुणी आलंच नाही.”

“दिवा घे.”

“घेतला.”

“वर जा.”

“चढतोयस. मध्यावर एक बोकड आडवा उभा आहे. हलत नाही.”

“चुरमुरे दे.”

“दिले. बोकड बाजूला झाला. आता वारा सुटलाय. दिवा फडफडतोय.”

“दिवा झाक.”

“कशानं?”

“...शर्टानं.”

“कळलं नाही.”

पलीकडून नाकातून हवा सुटल्यासारखा आवाज आला. “हातानं झाक.”

“झाकलास. वर पोचलास. अंधार पडलाय. देवळाचं दार बंद आहे. आतून कुणीतरी विचारतंय, कोण आलंय?”

“रक्षित.”

“दार उघडत नाही.”

“वनजा.”

“तेही नाही. मी घालून बघितलं होतं. मिसचं नाव घातलं, देवाचं घातलं, महाराजांचंसुद्धा घातलं.”

दारामागं सरकल्याचा आवाज झाला. वनजाला वाटलं, गेला परत. मग तो म्हणाला, “लहानपणी तू उघडून द्यायचीस की दार.”

“ते मी आपलं मनानं सांगायचे रे. शेवटचा घास असायचा.”

“मग खरं काय म्हणायचं?”

“मला ठाऊक नाही. दहावी झाली, शाळा सुटली. माझं तिथंच राहिलं.” तिनं डोळे पुसले. “मिसना ठाऊक.”

हे म्हटलं आणि तिला वाटलं, आता हा उठेल, पलंगाकडे जाईल, आणि पुन्हा ते शांत वाक्य म्हणेल. हॉलमध्ये जगन्नाथरावांच्या खुर्चीचा आवाज झाला होता. ते पॅसेजच्या तोंडाशी येऊन उभे होते, पुढं यायचं धाडस नव्हतं.

“विचारायचं तर त्यांना सांगावं लागेल,” रक्षित म्हणाला.

“हो.”

“सांग. मी फिरवली म्हणून सांग. लोक नको म्हणत असताना मी फिरवली.” तो थांबला. “अप्पांचं नाव नको घालूस.”

जगन्नाथरावांनी भिंतीला हात लावला. मग ते वळले, आणि वनजाला वाटलं निघून चालले. पण ते टीव्हीपाशी चार्जिंगला लावलेला तिचा फोन काढून घेऊन आले. तिच्यासमोर उकिडवे बसले. गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं ते जमिनीवर बसले नव्हते.

“नाव मीच सांगतो त्यांना,” ते दाराकडे बघत म्हणाले. “टिळा मी लावला.”

आत तो उठला नाही. फळीच्या पलीकडे त्याची पाठ तिच्या पाठीला टेकलेली तिला कळत होती.

वनजानं फोन हातात घेतला. मिसना आठवेल का? दुपारचं जेवण न आठवणाऱ्या बाईला त्या दारापाशी काय म्हणायचं ते आठवेल? आठवलं नाही तर आत बसलेल्याला आपण काय सांगायचं? सुप्रीताचं नाव पडद्यावर वरच होतं, न उचललेल्या फोनांच्या रांगेत. तिचं बोट त्याच्यावर थबकलं.

“अम्मा,” आतून आवाज आला, “लावतेस?”

“लावते,” ती म्हणाली, आणि तिनं नाव दाबलं.